पंख ओझरचे, इंजिन कुणाचं? संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय संरक्षणमंत्री श्री. राजनाथ सिंह यांस,

स.न.वि.वि.

17 ऑक्टोबर 2025 रोजी आपण नाशिकजवळच्या आमच्या ओझरला आलात, तेजस मार्क-1ए या देशी लढाऊ विमानाच्या नव्या उत्पादन साखळीचं उद्घाटन केलंत आणि इथं बांधलेलं पहिलं तेजस उडालं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) या कारखान्यात पूर्वी रशियन मिग विमानं बनत, म्हणून त्याला आमच्याकडे अजूनही 'मिग'च म्हणतात. एकेकाळी 'मुलगा मिगमध्ये आहे' एवढं सांगितलं की स्थळाची पुढची चौकशी होत नसे. नाव रशियाचं राहिलं आणि नव्या विमानाच्या पोटात इंजिन आलं अमेरिकेचं.

त्या इंजिनाबद्दलच लिहितो आहे. तेजससाठी लागणारी एफ-404 इंजिनं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं 2016 पर्यंत 65 दिली. पुढची मागणी नव्हती, म्हणून साखळी बंद केली. 2021 मध्ये आपण 99 मागवली, तेव्हा ती साखळी आणि सुटे भाग पुरवणारे, दोन्ही नव्यानं जुळवावे लागले. पहिलं इंजिन हाती पडलं मार्च 2025 मध्ये. विमानं हवाई दलाला 2024 पासून मिळायची होती. उशिराला आपल्याकडचीही कारणं होती, हे खरं. पण जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्कराच्या देशाला हे जमायला चार वर्षं लागावीत?

त्या बळाचा धाक आपण पाहिलेला आहे. डिसेंबर 1971 मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, अमेरिकेची विमानवाहू नौका 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागराकडे निघाली होती. आजही अमेरिकेकडे 11 विमानवाहू नौका आहेत, तेवढ्या कुणाकडेच नाहीत. पण त्याच नौदलाची 'बॉइझी' पाणबुडी 2015 मध्ये मोहिमेवरून परतली आणि तिच्या मोठ्या दुरुस्तीचं कंत्राट निघालं 2024 मध्ये. गोदी मोकळी नाही, कुशल हात कमी. तिकडे जगातली निम्म्याहून अधिक व्यापारी जहाजं चीन बांधतो. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांची स्वस्त ड्रोन पाडायला अमेरिकेचं लाखो डॉलरचं एकेक क्षेपणास्त्र खर्ची पडलं. ते पुन्हा भरून काढायचं तर कारखानाच लागतो. रशियाचीही तीच गत: आपण 2018 च्या करारानं घेतलेल्या एस-400 या हवाई संरक्षण यंत्रणेच्या शेवटच्या दोन तुकड्या युक्रेन युद्धामुळे रखडल्या.

कुणाची फजिती झाली म्हणून टाळ्या वाजवायला हे लिहिलेलं नाही. त्यांची अडचण ही आपली संधी आहे, आणि ती वापरायची असते. 2023 मध्ये अमेरिकी नौदलानं आपल्या माझगाव डॉकशी जहाजदुरुस्तीचा करार केला, तो काही मैत्रीखातर नव्हे. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच देशानं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लादलं. ऑक्टोबरात आपण क्वालालंपूरला त्याच देशाबरोबर दहा वर्षांच्या संरक्षण सहकार्यावर सही केलीत आणि नोव्हेंबरात एचएएलनं आणखी 113 इंजिनं मागवली. गरज दोघांना आहे, मग घाई आपल्यालाच का?

मागणं दोनच. जनरल इलेक्ट्रिकचं याहून ताकदवान एफ-414 इंजिन इथं बनवण्याची बोलणी 2023 पासून चालू आहेत. त्यात नुसती जुळणी नको, इंजिनाच्या तापत्या भागातली पाती ओतण्याची विद्या लेखी मिळवा. आणि 1989 मध्ये मंजूर झालेल्या कावेरी या देशी इंजिनाला आता तरी चाचणीच्या सोयी आणि पैसा द्या. तेव्हा कामाला लागलेले अभियंते निवृत्तही झाले.

पुढच्या वेळी ओझरला याल, तेव्हा शेडमध्ये किती विमानं इंजिनाविना उभी आहेत, तो आकडा भाषणात सांगा.

आपला,
ओझरचा एक रहिवासी