पी-१६ चा तपकिरी पट्टा

पुणे

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या सव्वीस वर्षांच्या पेशंटच्या गर्भाशयमुखाच्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक परवा पोचला. एका लॅबने सीआयएन-१, म्हणजे आवरणातल्या कर्करोगाकडे नेऊ शकणाऱ्या बदलांची सर्वांत सौम्य पायरी, म्हटले, दुसरीने त्यावरची सीआयएन-२, आणि त्यात ती मुलगी हवालदिल झाली, हा तुझा त्रागा समजतो. पण स्लाइड पाहून दोघांपैकी कोणी निष्काळजी होते असे वाटले नाही. सीआयएन-२ ही पायरीच अशी निसरडी आहे, की जाणत्यांचेही तिथे एकमत होत नाही. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे, असे माझेही झालेले आहे. शिवाय तुकडा ब्लॉकमध्ये तिरका बसल्याने आवरणाचा तळ नीट दिसतच नव्हता. तो वितळवून, पुन्हा सरळ बसवूनच मी नवे छेद घेतले.

त्यांवर पी-१६ लावले, म्हणजे त्या नावाचे प्रथिन तपकिरी रंगवून दाखवणारी चाचणी. एचपीव्ही या, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचे ई-७ प्रथिन पेशीतल्या आरबी प्रथिनाला निकामी करते, विभाजनावरचा लगाम सुटतो आणि पेशी तो आवरायला पी-१६ बनवतच राहते. लगामच उरलेला नसल्याने तिला त्याचा उपयोग होत नाही, आपल्याला मात्र खूण सापडते. तुझ्या स्लाइडच्या एका कडेला तळाच्या थरापासून निम्म्या जाडीपर्यंत सलग, गडद तपकिरी पट्टा आहे आणि तेवढाच मी पॉझिटिव्ह धरला. शेजारी ग्रंथीच्या तोंडाशी विखुरलेले ठिपके आहेत, ते सोडून दिले, कारण असे ठिपके अपक्व मेटाप्लाझियात, म्हणजे एका प्रकारच्या आवरणाची जागा दुसरे घेताना होणाऱ्या निरुपद्रवी बदलातही दिसतात. विभाजन चालू असलेल्या पेशींची खूण असलेले आणि एरवी तळाजवळच थांबणारे की-६७ त्या पट्ट्यात वरच्या अर्ध्या भागातही आहे. म्हणून रिपोर्टमध्ये एचएसआयएल (उच्च दर्जाचा बदल), सीआयएन-२ असे लिहिले आहे.

दर बायोप्सीवर पी-१६ लावावे का, असे तू विचारतेस. माझे उत्तर नाही. अमेरिकेतील २०१२ च्या 'लास्ट' या निदानसंज्ञांविषयीच्या शिफारशींचाही रोख असाच आहे, की नेहमीच्या स्लाइडवर शंका उभी राहते तिथे ते लावावे. सरळसरळ सीआयएन-१ दिसणाऱ्या बायोप्सींपैकीही बऱ्याच पी-१६ पॉझिटिव्ह निघतात आणि केवळ रंगावरून पायरी चढवली तर नको त्या मुलींचे लीप, म्हणजे विजेच्या तारेने तो भाग कापून काढणे, होते.

आता हिच्याबद्दल. सीआयएन-२ पैकी साधारण निम्मी दोन वर्षांत आपोआप मागे हटतात, तरुण वयात त्याहून अधिक. त्यांतली कुठली हटतील हे पी-१६ सांगत नाही. तिला अजून मूल हवे आहे आणि लीपनंतर अकाली प्रसूतीचा धोका वाढतो, तेव्हा कॉल्पोस्कोपीत, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहताना, संक्रमण क्षेत्र (हे बदल जिथे सुरू होतात तो पट्टा) पूर्ण दिसत असेल आणि ती नियमित येणार असेल, तर सहा आणि बारा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी व एचपीव्ही तपासणी करून वाट पाहावी, असे मला वाटते. सहा महिन्यांनी ती येईलच याची तुला खात्री नसेल, तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेव. तिला तू ओळखतेस, मी फक्त तिचा चार मिलिमीटरचा तुकडा पाहिला आहे.

आणि पुढच्या वेळी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये सोडण्यापूर्वी आवरणाची बाजू वर करून फिल्टर पेपरवर चिकटव. ब्लॉक सोमवारी कुरियरने परत पाठवते.

तुझी,
वसुधा