आई-बाबा, ईशान शनिवारी वाईला येतोय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण आई तू रडायला लागतेस, मग मी पण, आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहितेय. आई, तू बाबांकडून वाचून घे, डोळ्यांना ताण देऊ नकोस.

ईशानला मी शनिवारी घेऊन येतेय, गणपतीपर्यंत तो तुमच्याकडेच राहील. हे ठरलंय. क्लास सोडलाय, फीचे परत मिळतील ते मिळतील. कॉलेजशी पण बोलणं झालंय. एवढ्या मार्कांचा मुलगा आणि क्लास कसा सोडला असं बाबा तुम्हाला वाटणार हे मला माहितीये, पण सकाळी अंथरुणातून उठायलाच होत नाही त्याला, तिथे जेईई कुठून करणार. डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय सगळं. आणि खरं सांगू का, आबांकडे जाऊ का हे त्यानेच विचारलं. कित्येक दिवसांत त्याने स्वतःहून काही मागितलंय, मग मी नाही कशी म्हणू?

गप्प गप्प असतो म्हणत होतो ना आपण, ते डिप्रेशन आहे. बाबा, मे महिन्यात जेवताना तो तुमच्यावर खेकसला, तो उद्धटपणा नव्हता हो. या वयात मुलं नुसती उदास दिसतात असं नाही, चिडचिड करतात, पोट दुखतं डोकं दुखतं म्हणतात, रात्रभर जागी आणि दिवसा झोपलेली, आणि आवडीचंच नकोसं होतं. तबल्यावरची खोळ काढलेली नाहीये त्याने कधीची.

गोळी चालू आहे, फ्लुऑक्सेटिन, सकाळी नाश्त्यानंतर. हिची सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात, आणि जरा हसायला लागला म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. सुरुवातीच्या दिवसांत मुलांकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं, ते दिवस मी इथेच काढले, तुमच्यावर टाकले नाहीत. तरी तिथे एकदम अस्वस्थ वाटला, झोपेनाच, तर रात्री दोनला पण मला फोन करा. मी नाहीच उचलला तर टेली मानस म्हणून मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, १४४१६, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता एक सांगते, आई, रागावू नकोस. डॉक्टरांनी विचारलं घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, आणि मी शरदमामाचं सांगितलं. तुला ते नाव काढलेलं चालत नाही, मला माहितीये. पण त्यांना माहीत असायला हवं होतं. तेव्हा कुणाला काही कळायचंच नाही गं, तू त्याच्यासाठी किती केलंस ते आजीने मला सांगितलंय. आता कळतं, औषधं आहेत, एवढाच फरक.

म्हणूनच हे पण ऐका. तुमच्या बीपीच्या गोळ्या, आईच्या झोपेच्या गोळ्या, शेतावर फवारायची औषधं, सगळं कपाटात कुलूप लावून ठेवायचं आणि किल्ली बाबांच्या खिशात. घाबरू नका. मी त्याला सरळ विचारलंय, जीव द्यावासा वाटतो का म्हणून, डॉक्टरांनीच सांगितलं की विचारल्याने असलं काही डोक्यात भरत नाही. तो नाही म्हणाला. तरी कुलूप लावायचंच.

"तुला काय कमी आहे" हे वाक्य नको. आमच्या वेळी असं नव्हतं, हेही नको. आई, काळूबाईला नवस बोलायचाच असेल तर मनात बोल, त्याच्यासमोर नाही. बाबा, सकाळी घाटावर फिरायला जाताना त्याला एकदा हाक मारा, आला तर ढोल्या गणपतीपर्यंत न्या, नाही आला तर तुम्ही तुमचे जा, परत परत विचारू नका. मला टायफॉइड झाला होता तेव्हा आई तू नुसती उशाशी बसायचीस, शेंगा सोलत, काही बोलायची नाहीस, आणि मला एवढं बरं वाटायचं की अजून आठवतं. तेच कर. त्याला तेवढंच हवंय.

आणि तुझ्या गुडघ्यांनी जिना चढून त्याला उठवायला जायचं नाही, खालूनच हाक मार. वेगळं काही करत बसू नकोस, मऊभात-मेतकूट त्याला आवडतं अजून. भांडीवाल्या मावशींशी मी बोललेय, जास्तीचे पैसे मी देतेय, तू भांड्यांना हात लावायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी मोबाईलवर त्याचं काउन्सेलिंग असतं, तेव्हा माडीवर कुणी जायचं नाही, चहा द्यायलाही नाही. शेजारच्या काकू विचारतीलच, त्यांना म्हणावं आजारी होता, आता बरा होतोय. ते खोटं नाही.

दर शनिवारी मी येईन. तुम्हाला झेपत नाही वाटलं तर लगेच सांगा, मनाला लावून घेऊ नका, मी येऊन घेऊन जाईन.

आम्ही स्वारगेटवरून सकाळच्या गाडीने निघतोय. बाबा, उन्हात स्टँडवर येऊन उभे राहू नका, रिक्षाने येतो आम्ही. आणि डोळ्यांचे ड्रॉप्स संपले असतील तर आजच कळवा, इथून घेऊन येते.

तुमची,
मनू