केळीच्या खोडाचा रस मंडपाच्या कापडापर्यंत पोहोचवा

मा. संपादक,
स. न.

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. सुती कापडाला जळत राहायला १८ टक्केही पुरतो, म्हणून मंडपाचा पडदा एका ठिणगीने पेटतो. ही गरज २६-२७ टक्क्यांवर नेली की ठिणगी पडूनही कापड विझते. तात्पुरत्या मंडपांच्या भारतीय मानकात (आयएस ८७५८) यासाठी जुनी कृती आहे : अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, तुरटी २, बोरॅक्स १, बोरिक आम्ल १ आणि पाणी ३५ भाग. ती चालते, पण क्षार पावसात धुऊन जातात, आणि बोरॅक्स व बोरिक आम्ल यांची नोंद युरोपात प्रजननाला अपायकारक द्रव्यांत झाली आहे.

याला वनस्पतिजन्य पर्याय जळगाव जिल्ह्यात बांधावर सडतो आहे. घड उतरवला की केळीचे खोड पुन्हा फळत नाही, ते कापून टाकावेच लागते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील (सिरकॉट) शास्त्रज्ञांनी त्याच खोडाचा रस वापरून पाहिला. सुती कापडाला आधी ५ टक्के टॅनिक आम्ल व १० टक्के तुरटी दिली, मग क्षारीय केलेला रस मुरवून कापड वाळवले. ऑक्सिजनची गरज १८ वरून ३० वर गेली. कापड आडवे धरून केलेल्या चाचणीत ज्वाला उठलीच नाही. कापड मिनिटाला ७.५ मिलिमीटर एवढेच धुमसत गेले, साध्या कापडाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याने. रसातले पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार, फॉस्फेट व सिलिकेट यांमुळे तापलेला कापूस जळाऊ वायू सोडण्याऐवजी पाणी सोडतो आणि त्याचा कोळसा होतो.

आता अडचणी. रसात पाणी घातले की गुण घटतो. साठवला तर आंबतो, म्हणून ताजाच वापरावा. कापडावर खाकी छटा चढते. पांढऱ्या झालरीला तो चालणार नाही. धुण्यात टिकण्याची बाजू लंगडी आहे, तेव्हा न धुतले जाणारे पडदे आणि गोणपाट हीच त्याची जागा. धुमसणे मात्र गांभीर्याने घ्यावे. पोटॅशियमचे क्षार ज्वाला दाबतात, पण निखारा पोसतात. गादी-उशीच्या कापसाला हा रस एकटा कधीही लावू नये. सोबत फॉस्फरसयुक्त द्रव्य हवेच. सर्वांत महत्त्वाचे, हल्ली बरेचसे मंडप पॉलिस्टरचे असतात. ते वितळून जळते थेंब खाली सोडते आणि कापसासाठीची ही प्रक्रिया त्यावर लागू पडत नाही.

विजेवरच्या गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्यांबाबतही वनस्पतिजन्य अग्निरोधकांकडून मोठ्या अपेक्षा आहेत. तांदळाच्या कोंड्यात मिळणाऱ्या फायटिक आम्लात वजनाने २८ टक्के फॉस्फरस असतो. बॅटरीची पेटी, आतले अस्तर, दोन सेलच्या मध्ये बसवायच्या गाद्या यांसाठी ते खरोखर कामाचे आहे. सेलच्या आत मात्र ओलावा गेला तर लिथियमच्या मिठापासून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. शिवाय अतितापलेल्या सेलचा धन अग्र स्वतःच ऑक्सिजन सोडू शकतो, त्यामुळे बाहेरचा लेप आग थांबवत नाही; गाडीपासून दूर जायला थोडा वेळ देतो. तो वेळही मोलाचा आहे, पण विक्रेत्यांनी त्याला ‘आगीपासून सुरक्षित’ म्हणू नये.

पालिकांच्या अग्निशमन विभागांना विनंती आहे. मंडपाची परवानगी प्रमाणपत्राच्या कागदावर न देता टांगलेल्या कापडाची पट्टी कापून जागेवर, मोकळ्यात जाळून पाहा. पट्टी उभी धरून खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत लावा. ज्योत हटवल्यावर ती विझते का, धुमसत राहते का, जळता थेंब पडतो का, हे तिन्ही नोंदवा. पाऊस पडून गेला असेल तर पुन्हा तपासा. जिल्हा उद्योग केंद्राने केळीचा धागा काढणाऱ्या केंद्रांकडे लक्ष द्यावे. तिथे यंत्राखालून हाच रस रोज गटारात वाहतो. खाली टाकी आणि गाळणी बसवली तरी सुरुवात होईल.

— वस्त्ररसायनशास्त्राचा एक अभ्यासक, जळगाव