नाव झाका, पण आधी ते तपासा

महोदय,

गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहाला पुण्याचं एक कुटुंब आमच्या दारात येऊन उभं राहिलं. दापोलीजवळ आमच्या चार खोल्या आहेत, त्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांच्या मोबाइलवर आमच्याच घराचे फोटो होते, आठ हजार रुपये भरल्याची पावतीही होती. पैसे मात्र आमच्याकडे आलेच नव्हते. आमच्या संकेतस्थळाच्या नावात एक अक्षर जादा घालून कुणीतरी हुबेहूब दुसरं संकेतस्थळ काढलं होतं. पोरं झोपेने पेंगुळली होती, त्यांना माडीवर अंथरुणं घालून दिली.

सकाळी ते डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नोंदलेलं नाव, कुणाच्या मालकीचं आहे ते इंटरनेटवरच्या नोंदवहीत पाहिलं. मालकाच्या रकान्यात एवढंच, की गोपनीयतेसाठी माहिती झाकली आहे. नोंदणी करणाऱ्या कंपनीने कळवलं, न्यायालयाचा आदेश आणा. आदेश कुणाविरुद्ध मागायचा? अशा अज्ञात प्रतिवादीला आपल्याकडे न्यायालयात ‘अशोक कुमार’ म्हणतात, हे तेव्हा कळलं.

२०१८ पर्यंत डोमेनधारकाचं नाव, पत्ता, फोन सहसा कुणालाही दिसे. त्या वर्षी २५ मेपासून युरोपचा व्यक्तिगत माहिती जपण्याचा जीडीपीआर कायदा लागू झाला, आणि त्याआधी आठवडाभर ‘आयकॅन’ने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने, ही माहिती झाकण्याचा नियम केला. तो नियम मोडीत काढा, असं मी मुळीच म्हणत नाही. माझी भाची नदीतल्या वाळूउपशाबद्दल स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिते. ती एकटी राहते. तिच्या घरचा पत्ता वाळूवाल्यांच्या हाती लागावा, असं कुणाला वाटेल?

माझी तक्रार त्याआधीच्या पायरीवर आहे. कुणी डॉट कॉमसारखं नाव घेतलं, की नोंदणी करणाऱ्या कंपनीने पंधरा दिवसांत त्याचा ईमेल किंवा फोन, दोहोंपैकी एक पडताळला की आयकॅनशी केलेल्या करारातली अट पुरी होते. नाव खरं की खोटं, हे कागदपत्रावरून तपासण्याची सक्ती नाही. म्हणजे उद्या आदेश मिळाला, तरी झाकणाखाली खोटंच नाव निघायचं! साधं सिमकार्ड घ्यायला ओळखपत्र लागतं. दुसऱ्याच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या डोमेनला का लागू नये? रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या डोमेनवर यायला लावलं, तसं नाव बँकेशिवाय कुणालाही मिळत नाही. मनात आणलं की तपासणी होते. आमच्यासारख्या लहान व्यावसायिकांसाठीही ती व्हावी. नाव जगापासून झाकलेलं राहू दे, पण फसवणुकीची तक्रार नोंदली गेल्यावर ते ठरावीक दिवसांत पोलिसांना मिळालंच पाहिजे.

एप्रिल २०२४ पासून पुरावा दिल्यावर अशा डोमेनवर कारवाई करणं नोंदणी कंपन्यांना आयकॅनच्या करारानुसार बंधनकारक आहे. त्या आधारे मी पुन्हा लिहिलं, आणि ते संकेतस्थळ अकराव्या दिवशी बंद झालं. पुढच्याच आठवड्यात ते दुसरं एक अक्षर घालून परत आलं, फोटो आमचेच. नाताळची गर्दी तोंडावर आहे, आणि त्या कुटुंबाचे आठ हजार अजून परत मिळालेले नाहीत.

– एक निवास व्यावसायिक, दापोली (जि. रत्नागिरी)