जादू संपली की संपवली?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला फँटसीवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखकाचं म्हणणं असं की जादूगार, राक्षस, तलवारी हे सगळं पोरासोरांचं, वास्तवापासून पळायची सोय. असेल सोय. लोकलला लटकून घरी जाणाऱ्या माणसाला तेवढी पाहिजेच. पण तेल, कोळसा, कारखाने संपत जाणं या विषयावर फँटसीत जे लिहिलं गेलंय ते त्यांनी वाचलेलं दिसत नाही, नाहीतर असा सरसकट निकाल लावला नसता.

लॅरी नाइव्हन नावाचा अमेरिकन लेखक आहे, मुख्यतः सायन्स फिक्शनवाला. त्याची 1969 सालची एक छोटी कथा आहे, ‘नॉट लाँग बिफोर द एंड’. त्यातली कल्पना अशी की जादू फुकट चालत नाही, तिला ‘माना’ नावाची शक्ती लागते आणि ती जमिनीत, हवेत भरलेली असते, पण वापरली की गेली, परत येत नाही. एक म्हातारा जादूगार आहे, त्याच्या लक्षात येतं की एका जागी बरीच वर्षं राहिलं की आपले मंत्र चालेनासे होतात आणि गाव बदललं की पुन्हा चालतात. आता कोणीही म्हणेल की वय झालं, आपल्यातच काहीतरी कमी पडतंय. हा मात्र प्रयोग करतो. एक धातूची चकती घेतो, तिच्यावर दोन मंत्र टाकतो, एक सतत वेग वाढवत राहायचा आणि दुसरा वेगाने चकतीचे तुकडे होऊ नयेत म्हणून, आणि सोडून देतो. चकती त्या जागेतला सगळा माना खाते आणि मग बंद. त्यानंतर तिथे कुठलीच जादू चालत नाही, कोणाचीच नाही. मला ही कथा आवडते ती या चकतीमुळे, कारण ती दुसरं काहीच करत नाही, नुसती आणखी जोरात फिरते आणि त्या जोरातच सगळं संपवते.

कोणी सांगितलं की ही कथा 1973 च्या तेलसंकटावर बेतलेली आहे तर विश्वास ठेवू नका, तारखाच जुळत नाहीत. अरब देशांनी तेल रोखलं ते ऑक्टोबर 1973 मध्ये, पुढच्या काही महिन्यांत बॅरलचा भाव 3 डॉलरच्या आसपासून 12 च्या आसपास गेला, आणि कथा तर चार वर्षं आधीची. हां, किंग हबर्ट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने 1956 मध्येच सांगून ठेवलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन 1970 च्या सुमारास शिखर गाठून उतरायला लागेल, लोकांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही, आणि 1970 ला नेमकं तेच झालं. म्हणजे कथा छापून आली तेव्हा शिखर एका वर्षावर होतं.

पुढे नाइव्हनने त्याच जगावर मोठी गोष्ट लिहिली, ‘द मॅजिक गोज अवे’, आधी 1976 मध्ये आणि मग 1978 मध्ये पुस्तक म्हणून. तोपर्यंत अमेरिकन वाचक पेट्रोल पंपावर रांगा लावून आलेला होता, त्याला काही समजावून सांगायची गरज राहिली नव्हती. अटलांटिस हे दंतकथेतलं बेट बुडतं कारण ते पुजाऱ्यांच्या मंत्रांवरच तरंगत असतं आणि हल्ला करणारे शिपाई त्या पुजाऱ्यांनाच मारून टाकतात. उरलेसुरले जादूगार एकत्र येतात आणि काय ठरवतात, तर कमी वापरायचं असं नाही, चंद्रावर माना शिल्लक आहे तर चंद्रच खाली ओढायचा! त्यासाठी एका शेवटच्या उरलेल्या देवाला जागं करायचं. वाचताना हसू येतं, मग आज लघुग्रहांवरून खनिजं आणू म्हणणारे आठवतात आणि हसू जरा कमी होतं.

आता गंमत बघा. हाच माना पुढे व्हिडिओ गेममध्ये गेला, आमच्या घरातली पोरं रोज वापरतात, स्क्रीनवर निळी पट्टी असते, मंत्र मारला की कमी होते. पण थोडं थांबलं की आपोआप भरते, घाई असेल तर निळं औषध प्यायचं. म्हणजे मूळ कल्पनेतला कणाच काढून टाकला. आणि तुमचे लेखक फँटसीला नावं ठेवतात ती बहुतेक अशी निळी पट्टी बघून ठेवतात असा मला डाऊट आहे.

तर इथपर्यंत मी फँटसीच्या बाजूचा. पण या रूपकावर माझा एक मोठा आक्षेप आहे आणि पत्र खरं तर त्यासाठीच. या गोष्टी वाचून असं वाटायला लागतं की उद्योग बुडतात ते शक्ती संपली म्हणून. निसर्गानेच नळ बंद केला, कोणाचा काही दोष नाही. प्रत्यक्षात बऱ्याचदा तसं नसतं. अमेरिकेचंच घ्या, 1970 चा तो रेकॉर्ड 2018 मध्ये मोडला, खडक फोडून शेल ऑइल काढायचं तंत्र आलं. या विहिरी पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने उतरतात आणि सारख्या नव्या खणाव्या लागतात, म्हणजे ती चकती फिरतेच आहे, पण नाइव्हनचा हिशेब काही तसाच्या तसा खरा ठरला नाही. ब्रिटनमध्ये 1913 ला सुमारे 29 कोटी टन कोळसा निघाला, तो तिथला उच्चांक. 1865 मध्येच जेव्हन्स हा अर्थशास्त्रज्ञ सांगत होता की इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली म्हणून कोळसा वाचणार नाही, उलट जास्तच जळेल, आणि सोपा कोळसा संपत गेला की देशाची सद्दी संपेल. सद्दी संपली खरी. पण डिसेंबर 2015 मध्ये केलिंगलीची शेवटची खोल खाण बंद झाली तेव्हा जमिनीखाली कोळसा होताच की. महाग पडत होता, बाहेरचा स्वस्त मिळत होता, आणि त्याच्या कितीतरी आधी, 1984-85 च्या संपात, सरकारने खाणकामगारांना हरवून ठेवलं होतं.

आणि आपल्या गिरणगावाचं तर विचारूच नका. पूर्वी गिरण्या कोळशावर चालायच्या, कोळसा लांबून आणावा लागायचा, मग टाटांनी लोणावळ्याकडे धरणं बांधली, पावसाचं पाणी घाटावरून खाली खोपोलीला सोडलं आणि 1915 पासून त्यावरची वीज परळपर्यंत आली. मुख्य गिऱ्हाईक कोण, तर या कापडगिरण्याच. आता यात माना कुठे संपला सांगा? सह्याद्रीवर पाऊस पडतोच आहे, तळी भरतातच, खोपोलीचं पॉवरहाऊस शंभर वर्षं उलटून गेली तरी चालू आहे, वीज मुंबईत येते. गिरण्या तेवढ्या नाहीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्याच्या आधीपासूनच मालकांनी जुन्या यंत्रांत पैसा घालणं सोडलं होतं. कापड विणायचं थांबलं का? नाही, ते भिवंडीच्या पॉवरलूमवर गेलं. मग गिरण्यांच्या जमिनीच्या वाटणीचा नियम आला, 1991 चा, एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये तो असा फिरवला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, बांधकामाखालची नाही, आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. आता त्याच विजेवर तिथल्या टॉवरच्या लिफ्ट चालतात. अशा वेळी कोणी ‘काळच बदलला हो, जादू ओसरली’ असं हळवं होऊन बोललं की माझं डोकं फिरतं.

टॉल्किनचं नाव तुमच्या लेखात होतं, म्हणून त्याच्याबद्दल थोडं. त्याच्याकडे उलटं दुःख आहे, उद्योग जातो याचं नाही, येतो याचं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी हॉबिट, म्हणजे त्यातली बुटकी माणसं, घरी परततात तर गावातली जुनी पिठाची गिरणी पाडून मोठी बांधलेली, चाकांनी भरलेली, पण दळायला धान्य पूर्वीएवढंच, आणि नंतर तर दळणही बंद, नुसती ठोकाठोक, धूर आणि नदीत घाण. युद्धानंतरच्या इंग्लंडवर हे लिहिलेलं नाही असं त्याने स्वतः प्रस्तावनेत म्हटलंय, त्याच्या लहानपणी बर्मिंगहॅमजवळचं गाव शहराने गिळताना त्याने बघितलं होतं. मी लालबागचा माणूस, मला ते प्रकरण वाचताना चिमणीतून येणाऱ्या धुराचा राग येत नाही हो, आमच्याकडे धूर बंद झाला तेव्हा लोक घाबरले होते. पण धान्य नसताना गिरणी मोठी करणारा माणूस मात्र मला ओळखीचा वाटतो. निदान त्या प्रकरणात हे कोणी केलं त्याचं नाव तरी आहे, गावकरी त्याला शोधायला जातात. या बाबतीत टॉल्किन नाइव्हनपेक्षा आपल्या जास्त जवळचा, जरी मला कथा म्हणून नाइव्हनच आवडत असला तरी.

एक विनंती आहे. नाइव्हनच्या त्या पहिल्या कथेचा मराठी अनुवाद छापायची परवानगी मिळते का बघा, छोटीशीच आहे. आणि त्याच पुरवणीत खोपोलीच्या पॉवरहाऊसमधल्या एखाद्या जुन्या माणसाकडून लेख घ्या, 1982 नंतर परळकडच्या लाईनवरचा लोड कसकसा बदलत गेला यावर. तिथल्या कोणाला तरी ते आकडे माहीत असणारच.

आपला,
लालबागचा एक वाचक