पुण्याचे विमान आणि चाळीस मिनिटांचा हिशेब

संपादक महोदय, स. न.

आपल्या पुरवणीत इंदूरहून निघणाऱ्या विमानांचा जो तक्ता आला आहे, त्यात पुण्याचे अंतर 500 किलोमीटर आणि प्रवासाला लागणारा वेळ ‘सुमारे 40 मिनिटे’ असा छापला आहे. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र त्या अंतराला ताशी 800 किलोमीटर या वेगाने सरळ भागून काढलेला दिसतो, आणि त्यावर विसंबून पुण्याच्या नातलगांना गाडी घेऊन बोलावणाऱ्यांची पंचाईत होते.

विमान हा वेग फक्त उंचावर धरते. दहा हजार फुटांखाली ते साधारणपणे 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटरच्या आत ठेवावे लागते, आणि पुण्यासारख्या जवळच्या टप्प्यात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. शिवाय 500 किलोमीटर ही पृथ्वीच्या गोलाईवरची सर्वांत जवळची रेषा झाली. विमानाला ठरलेल्या हवाई मार्गांनी जाऊन, वारा असेल त्याप्रमाणे वळसा घेऊन धावपट्टीला लागावे लागते. वेळापत्रकातली वेळ तर विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटावर थांबेपर्यंतची असते, म्हणून ती सव्वा तासाच्या आसपास भरते. बंगळूरचे अंतर पुण्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे 1,070 किलोमीटर असूनही तिकडचा वेळ दुप्पट होत नाही, तो याच कारणाने.

मुंबईचे हवाई अंतरही जवळजवळ पुण्याइतकेच आहे, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. कारण आपल्या डोक्यात रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घालणारी अवंतिका एक्सप्रेस आणि तिचे सुमारे 830 किलोमीटर बसलेले असतात. परंतु मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकीवरच काम चालते, आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. तेवढ्याच अंतराला तिकडे वेळ थोडा सैलच धरलेला बरा.

तक्त्यात अंतराच्या रकान्यावर ‘हवाई अंतर’ असे स्पष्ट लिहावे, वेळ कंपन्यांच्या वेळापत्रकातून घ्यावा आणि सामान देण्याचा काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो, ही सूचना खाली द्यावी, अशी विनंती आहे. राजवाड्यापासून आपला विमानतळ जवळ असल्याने इंदूरकर ऐन वेळी निघतो, त्याला हे सांगायलाच हवे. लोहगावहून हिंजवडी किंवा कोथरूडला संध्याकाळी पोहोचायला लागणारा वेळ कोणत्याच तक्त्यात बसणार नाही. तो ज्याचा त्याने धरावा.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर