बॅटरी नवी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस

मानेवाडा, नागपूर
रविवार, रात्री

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

दुपारी तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धवट राहिलं. "बाबा, बॅटरी नवी आहे, चार्ज करून घेतली, आता गाडी चालून राहिली ना!" असं म्हणून तू मोकळी झालीस. आई म्हणते, पोरगी अख्खा तालुका सांभाळते, तिला गाडी शिकवू नका. ते खरंच आहे. म्हणून रात्रीच्या प्रवासाबद्दल या पत्रात एक शब्दही लिहायचा नाही असं ठरवून बसलोय. फक्त गाडीचं लिहितो.

उन्हाळ्यात जुनी बॅटरी गेली, तिचं मला काही वाटलं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात. पण तिकडच्या गॅरेजवाल्याने नवी बसवून पैसे घेतले आणि मागून चार्जिंग येतं का, हे पाहिलंच नाही. परवा भिवापूरच्या पुढे पावसात आधी हेडलाइट पिवळे पडले, मग वायपर रेंगाळले, मग गाडी बंद, हे तूच सांगितलंस. मने, ही बॅटरीची तक्रार नाही, अल्टरनेटरची आहे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची. तो पूर्ण गेला असता तर नवी बॅटरी तासाभरात उतरली असती. इतके दिवस निभावली, म्हणजे तो अर्धवट काम करतो. त्याला फिरवणारा पट्टा घसरत असेल, आतले कार्बन ब्रश झिजले असतील, नाहीतर एखादा डायोड उडाला असेल. अशी गाडी दिवसा मुळीच कुरकुरत नाही. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम लागलं की मग पुरत नाही. म्हणजे ती बंद पडणार ती रात्रीच, पावसातच, आणि नेमकी जंगलाच्या पट्ट्यात. बघ, लिहायचं नाही म्हटलं होतं.

शुक्रवारी वसंता ब्रह्मपुरीला येतोय, त्याच्यासोबत माझा व्होल्ट मोजायचा मीटर पाठवतो. डायल डीसी २० व्होल्टवर ठेव, लाल वायर बॅटरीच्या प्लसवर, काळी मायनसवर. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बघ: १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. आकडा खाली येईल, पण साडेनऊच्या खाली जायला नको. भरलेली असूनही गेला, तर दोष बॅटरीचा. आणि इंजिन चालू झालं की आकडा १३.८ ते १४.५ मध्ये यायला पाहिजे. साडेबारावरच राहिला, तर अल्टरनेटर काही देत नाही. १५ च्या वर गेला, तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला, तो बॅटरीला उकळून मारेल. खरी परीक्षा मात्र यानंतरची: हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लाव, थोडी रेस दे. तरी साडेतेराच्या वर टिकला पाहिजे. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा मुद्दाम खालीवर करतो, तुझ्या गाडीत ती भानगड नाही.

गॅरेजमध्ये कुणी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "चार्जिंग बघतो" म्हणाला, तर हात धर त्याचा. व्होल्टेजचा झटका बसतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर ती आधी साफ करून घे. पट्टा गुळगुळीत चकाकतोय का, अंगठ्याने दाबल्यावर फार आत जातो का, तेही इंजिन बंद असताना बघ.

फारच लांबलं. तू माझी शिकाऊ नाहीस, माफ कर. कोराडीला १२० मेगावॉटच्या संचांवर आयुष्य गेलं, त्यामुळे जनरेटर म्हटलं की राहवत नाही. तत्त्व तेच असतं, रोटरला थोडा करंट दिला तर स्टेटरमधून खूप मिळतो.

कॉलनीत आपली पद्मिनी गाडी होती तेव्हा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकताना टॉर्च तूच धरायचीस. दादा पळून जायचा. चावी फिरवली की बॅटरीचा लाल दिवा लागायचा, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, दिवा लागला की बिघाड, मग न लागला तर चांगलं ना?" दुसरीत होतीस. तुला सांगितलं, चावी दिल्यावर तो लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे, दोन्हींतलं एक चुकलं तरी गडबड. मग कितीतरी दिवस चावी फिरवायचं काम तुझ्याकडेच होतं. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, मला मात्र ती टॉर्चवाली पोरगीच आठवत होती.

म्हणून तुला सांगतो, चालत्या गाडीत तो दिवा लागला तर इंजिन बंद करू नकोस, पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. एसी, ब्लोअर, गाणी बंद कर आणि जवळच्या वस्तीपर्यंत ने. पण सोबत टेंपरेचरचा काटाही चढू लागला, तर पट्टा तुटला असेल आणि पाण्याचा पंपही थांबला असेल. तेव्हा मात्र लगेच बाजूला घेऊन बंद कर, आतच बसून राहा, काचा लावून घे, आणि मला फोन कर. कितीही वाजले असोत. उमरेडच्या पुढे असशील तर भिवापूरला थांब, नागभीड ओलांडलं असेल तर मावशीकडे जा. मीटिंग लांबली तर सरळ सांगत जा की आज निघत नाही.

आईने सांबारवडी दिली आहे, वसंताकडून डबा परत पाठव. तिचाही फोन उचल.

तुझा,
बाबा

ता. क. अल्टरनेटर बदलायचाच म्हणाले, तर आधी विचार की ब्रश आणि रेग्युलेटर बदलून भागतं का. बदललाच, तर जुना मागून घे आणि वसंताकडे दे. मला उघडून बघायचाय.